किल्लीबाबा आणि व्हॅनचे प्राण

व्हॅन घुर्रर्र करून सुरू झाली आणि मैदानातल्या माणसांनी अशी आरोळी ठोकली, की भिंतीवर झोपलेलं मांजर दचकून पलीकडच्या अंगणात पडलं.

"सुरू झाली! हात लावला आणि सुरू झाली!"

"हात कुठे लावला? दंड लावला, दंड!"

"अहो, दंड हातातच होता ना? मग?"

आत्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होती. आनंदानं. आदल्या दिवसापासून तिची व्हॅन मुकी झाली होती. किल्ली फिरवावी तर आतून फार तर एक बारीक 'टक्', आणि मग शांतता. आता मात्र ती थरथरत, धूर सोडत उभी होती, आणि तिच्या पुढच्या चाकापाशी एक गृहस्थ डोळे मिटून उभे होते. भगवी कफनी, गळ्यात जुन्या किल्ल्यांची माळ, हातात लांब दंड. दंडाचं वरचं टोक पितळेचं, खालचं लोखंडाचं. हेच किल्लीबाबा.

शिष्यानं त्यांच्या तोंडाशी माइक धरला.

"वाहन म्हणजे काय?" बाबांनी विचारलं. "लोखंड? लोखंड तर कात्रीतही असतं. कात्री कधी रस्त्यानं धावली आहे?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"का नाही धावत?"

गर्दी विचारात पडली. कात्रीच्या बाजूनं असा विचार कुणी केला नव्हता.

"कारण कात्रीत प्राण नसतात! वाहनात पाच प्राण असतात. चार प्राण चार चाकांत. आणि पाचवा?"

"स्टेपनीत!" मागून कुणीतरी उत्साहानं ओरडलं.

बाबांनी त्या दिशेनं असं पाहिलं, की तो आवाज त्या दिवशी पुन्हा ऐकू आला नाही. "पाचवा नाभीत," ते म्हणाले. "तुमच्या वाहनांची नाभी गोठली आहे. कुणाची तरी दृष्ट आहे या वसाहतीवर. दंडाच्या स्पर्शानं मी ती जागी करतो. पण एक ध्यानात ठेवा. जागी झालेली नाभी तान्ह्या बाळासारखी असते. तिला उघडून बघायचं नाही, लोखंडाचं हत्यार लावायचं नाही, आणि धक्का तर मुळीच मारायचा नाही. धक्का मारणं म्हणजे वाहनाचा अपमान!"

शिष्यानं आत्याच्या व्हॅनमध्ये चढून ड्रायव्हरच्या सीटभोवती लाल दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं. सीट उचलली की इंजिन दिसतं. दोरा बांधला की सीट उचलता येत नाही.

"कधीपर्यंत ठेवायचा, बाबा?" आत्यानं डोळे पुसत विचारलं.

"पुढील आदेशापर्यंत."

मी एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. रजा काढून आत्याकडे आले होते, कारण काकांची तब्येत नाजूक झाली होती. काका म्हणजे आत्याचे यजमान. त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलंय. आठवड्यातून तीनदा त्यांना रुग्णालयात न्यावं लागतं, तिथे यंत्र त्यांचं रक्त धुऊन परत देतं. आत्या व्हॅन चालवते. काकांबरोबर याच उपचाराला जाणारे निवृत्त पोस्टमास्तर आणि कपडे शिवून देणाऱ्या शिवणकाकू या दोघांनाही नेते आणि आणते. थोडक्यात, ती व्हॅन सुरू झाली तर तीन माणसं जगतात.

वसाहतही सांगायला हवी. इथे पूर्वी बिस्किटांचा कारखाना होता. तो बंद पडला तेव्हा माल पोचवणाऱ्या त्याच्या व्हॅन कामगारांनीच वाटून घेतल्या. त्यामुळे गल्लीत दारोदार एकाच बनावटीच्या, एकाच वयाच्या व्हॅन उभ्या असतात. वरून कुणी निळा रंग दिलाय, कुणी पांढरा, पण रंग उडाला की खालून जाहिरातीतली बिस्कीट खाणारी हसरी मुलगी डोकावते. आत्याच्या व्हॅनवर तिचा एकच डोळा दिसतो.

आणि या थंडीत एकेक करून सगळ्या व्हॅन रुसायला लागल्या होत्या. म्हणून दृष्ट. म्हणून बाबा.

"तुला काय वाटतं गं, सायंटिस्ट?" घरी आल्यावर काकांनी विचारलं. ते मला लहानपणापासून सायंटिस्ट म्हणतात. मी त्यांचा रेडिओ उघडला होता आणि परत लावला होता, तेव्हापासून. लावल्यावर दोन स्क्रू उरले होते, पण रेडिओ वाजत होता.

"बाबांनी आज पाच व्हॅन बघितल्या," मी म्हटलं. "तीन सुरू केल्या. दोन परत पाठवल्या."

"त्या दोघांच्या घरात पाप होतं म्हणे."

"आधी दिवे लावायला लावले त्यांनी."

"ते दीपदर्शन!" आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "हेडलाइट लावायचे, मग किल्ली फिरवायची. ज्योत स्थिर राहिली तर मन निर्मळ. ज्योत मंदावली तर घरात कुणीतरी खोटं बोललंय. आपली ज्योत बघितलीस ना, कशी ठणठणीत होती?"

"डोळे मिटून बघतात का ते?"

"अर्धेच मिटतात," काका म्हणाले. "मी नीट पाहिलं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "काका, पैज लावू या? उद्या बाबा यायच्या आधी मी रांगेतली प्रत्येक व्हॅन बघते. कुठली निर्मळ निघणार आणि कुठली पापी, आधीच सांगते."

"पैज कशाची?"

"तुम्हीच सांगा."

काकांना दिवसाला मोजकंच पाणी चालतं. ते पाण्याऐवजी बर्फाचा खडा तोंडात धरतात आणि चघळत बसतात. घरातला सगळ्यात मौल्यवान पदार्थ तो. काकांनी गंभीरपणे थर्मासकडे बोट केलं. "एक खडा. हरलीस तर तुझ्या सरबतातला माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानातल्या रांगेतून फिरले. प्रत्येकाला म्हटलं, जरा दिवे लावून किल्ली फिरवा. जिथे किल्ली फिरवताच दिवे पार मलूल झाले, तिथे मी काकांच्या कानात म्हटलं, "पापी." जिथे दिवे लख्ख राहिले आणि मोटर गप्प, तिथे "निर्मळ." काका घडीच्या खुर्चीवर बसून बोटांवर मोजत होते.

बाबा आले. दीपदर्शन झालं. पापी आणि निर्मळ माझ्या यादीप्रमाणेच निघाले, एकाचाही अपवाद नाही. काकांना इतकं हसू आलं, की शिष्यानं माइकवरून शांततेचं आवाहन केलं.

"अगं पण हे कसं?" ते घरी येताना म्हणाले. "तुला पाप दिसतं?"

"मला बॅटरी दिसते, काका. बॅटरी उतरली असेल तर किल्ली फिरवली की तिच्यावर ताण येतो आणि दिवे मंदावतात. तिथे दंड आपटून काही होणार नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते त्या गाडीला हातच लावत नाहीत. दिवे लख्ख राहिले, तर बॅटरी ठीक, पण वीज मोटरमध्ये शिरतच नाहीये. तिथे ठोकल्यानं काम होतं. कधीकधी."

"म्हणजे दीपदर्शन ही तपासणी आहे?"

"उत्तम तपासणी आहे. फक्त तिला कफनी घातलीय."

परत पाठवलेल्यांत अंडेवाला होता. त्याच्या घरात खोटं कुणी बोललं याचा शोध सुरू झाला होता आणि आवाज गल्लीभर येत होता. त्याच्या आईनं कबूल केलं की सुनेनं केलेली भाजी चांगली झाली असं ती खोटंच म्हणते. सुनेनं कबूल केलं की तिला ते माहीत होतं. मेहुण्यानं असं काही कबूल केलं, की त्याला जेवणाआधीच निघावं लागलं. त्या गोंधळात मी अंडेवाल्याच्या बॅटरीकडे पाहिलं. तिच्या टोकांवर पांढरट हिरवी बुरशीसारखी पुटं चढली होती. तारा सोडवल्या, गरम पाण्यानं पुटं धुतली, पॉलिश पेपरनं टोकं चकचकीत केली, तारा घट्ट बसवल्या. तासभर चार्जरला लावली. किल्ली फिरवताच व्हॅन सुरू!

अंडेवाला धावत बाहेर आला. "बघितलंत? आईनं कबूल केलं म्हणून झाली!"

मी हातातला काळा झालेला कागद त्याला दाखवला. त्यानं तो आदरानं कपाळाला लावला.

आत्याला मात्र मी पटवू शकले नाही.

"दिवे, बॅटरी, तुझं सगळं खरं असेल," ती म्हणाली. "पण माझी व्हॅन सुरू झाली की नाही? झाली. मग मला 'का' घेऊन काय करायचंय?"

"कारण आतली मोटर झिजलीय, आत्या. ठोकून सुरू झालेली मोटर शेवटच्या घटका मोजत असते. आज ठोकल्यावर चालेल, उद्या नाही चालणार. सीट उचलू दे, मोटर काढून बघू."

"दोरा आहे."

"दोरा सोडला तर काय होतंय?"

आत्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "हे बघ. तू रजा संपली की जाशील. मी रोज सकाळी त्या सीटवर बसते आणि किल्ली फिरवायच्या आधी माझ्या पोटात गोळा येतो. दोरा सोडला आणि उद्या गाडी बंद पडली, तर यांना पाठुंगळीला मारून नेऊ का? एवढे दिवस चाललंय ना? मग चालू दे."

भित्र्या माणसाशी वाद घालता येतो. पण जिला नवऱ्याच्या जिवाची भीती वाटते आहे, तिच्याशी कसा घालायचा?

सोमवारी सकाळी व्हॅन बंद पडली.

रविवारी रुग्णालयाला सुट्टी असते, म्हणून सोमवार नेहमीच जड जातो. काकांचे पाय सुजले होते, दोन वाक्यांत त्यांना धाप लागत होती. पोस्टमास्तर आणि शिवणकाकू मागे बसले. आत्यानं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. दिवे लख्ख.

"ज्योत स्थिर आहे!" शिवणकाकू आशेनं म्हणाल्या.

आत्या चपला न घालताच मैदानाकडे पळाली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "बाबा म्हणाले, तुमच्या घरात शंका शिरलीय. शंका बाहेर काढा, दुपारी बघू." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण शंका कोण हे सगळ्यांना कळलं.

"दुपारी?" पोस्टमास्तर म्हणाले. "आपली वेळ सकाळची आहे. यंत्र रिकामं ठेवत नाहीत तिथे."

"धक्का मारू या," मी म्हटलं.

"कोण मारणार?" आत्या म्हणाली. "धडधाकट माणसं सगळी मैदानात, रांगेत. आणि इथे मी, तू, आणि हे तिघं!"

तेवढ्यात काकांनी खिशातून नेलकटर काढला. ते हळूच पुढे सरकले, सीटभोवतीचा लाल दोरा धरला आणि कुट्ट करून कापला.

"अहो!" आत्या किंचाळली.

"किडनी माझी, दोरा माझा," काका धापा टाकत म्हणाले. "सायंटिस्ट, बघ काय ते."

मी सीट उचलली. खाली गिअरबॉक्सच्या बाजूला, तेलानं आणि धुळीनं माखलेला डब्यासारखा लांबट गोळा. स्टार्टर मोटर. बाबांची नाभी.

"हातोडी दे, आत्या."

"लोखंड लावायचं नाही म्हणाले होते!" ती आत पळाली आणि बाहेर आली ती लाटणं घेऊन. "हे घे! हे लाकूड आहे!"

घाबरलेलं माणूससुद्धा नियमातली फट किती चटकन शोधतं, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. "किल्ली फिरव आणि धरून ठेव," मी सांगितलं, आणि लाटण्यानं मोटरच्या अंगावर हलके ठोके द्यायला लागले.

"अहो, नुसतं काय ठोकताय, मंत्र तरी म्हणा!" मागून पोस्टमास्तर ओरडले. "आमचा जीव टांगणीला लागलाय इथे!"

मला मंत्र येत नाहीत. जे पाठ होतं ते म्हटलं. "हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन—"

घुर्रर्र!

बोरॉनला व्हॅन सुरू झाली. शिवणकाकूंनी हात जोडले. "जय बोरॉन," त्या पुटपुटल्या.

तिघांनाही वेळेवर यंत्र लागलं. परतीच्या वेळी पुन्हा ठोकावं लागलं. तेव्हा पोस्टमास्तरांनी मंत्राचा आग्रह धरला आणि व्हॅन लिथियमलाच सुरू झाली. "शक्ती वाढतेय," ते शिवणकाकूंना म्हणाले.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. घरात येऊन मी हातपाय धुतले आणि बाहेर डोकावले, तर दारात माणसं. स्टुलावर स्वच्छ फडकं, फडक्यावर लाटणं, लाटण्यावर फुलं.

"ताई, आमच्याही व्हॅनला बोरॉन म्हणा ना."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बाबांच्या दंडापेक्षा जास्त पॉवर आहे म्हणे याच्यात," अंडेवाला म्हणाला. "आणि दंड लोखंडाचा. लाकूड सात्त्विक असतं."

"मला पोळ्या लाटायच्यात!" आत्या आतून ओरडली.

"वहिनी, आज बाहेरून मागवा. आता या लाटण्याला पीठ लावणं बरं नाही."

मी हसले, आणि मग हसू थांबलं. मला वाटलं होतं, बाबांसारखंच करून दाखवलं की लोकांना कळेल की यात काही नाही. झालं उलटंच. एक बाबा होता, आता एक ताई झाली. चमत्कार करून दाखवल्यानं चमत्कार मोडत नाही. तो फक्त पत्ता बदलतो. झाकणच उघडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालय नव्हतं. मी गॅरेजच्या सामानाच्या दुकानातून पिशवीत छोटी पुडी घेऊन आले, आणि आत्याला म्हटलं, "कालचा दोरा तुटलाच आहे. आता बघून तर घे."

पान्ह्यांची पेटी आत्यानं स्वतःच बाहेर आणली.

आधी बॅटरीची उणे टोकाची तार सोडवली. हे विसरलात तर पान्हा नको तिथे टेकतो आणि ठिणग्यांची आतषबाजी होते. मग मोटरची जाड तार, बारीक तार, आणि शेवटी दोन बोल्ट. आत्याचे हात सराईत होते, तिनं आयुष्यभर चाकं बदलली आहेत. मोटर बाहेर आली ती तिनं दोन्ही हातांनी कडेवरच्या मुलासारखी उचलली आणि ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवली. मागचं झाकण काढताच काळी भुकटी सांडली.

"हे बघ," मी म्हटलं. "आत हा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल फिरतो. त्याच्यावर हे कार्बनचे चार ब्रश स्प्रिंगनं दाबून धरलेले असतात. वीज ब्रशमधून तांब्यात जाते, मोटर फिरते, मोटर इंजिनाला फिरवते. प्रत्येक वेळी ब्रश थोडा झिजतो. खडूसारखा."

नवा ब्रश मी पुडीतून काढून तिच्या हातावर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढा. जुना काढून शेजारी ठेवला. वाटाण्याएवढा, तोही एका बाजूनं तिरका.

"एवढा झिजला की स्प्रिंग त्याला नीट दाबू शकत नाही. तो तांब्यापासून केसभर दूर राहतो किंवा भुकटीत अडकतो. बाहेरून ठोकलं की हलतो, क्षणभर टेकतो, आणि मोटर फिरते."

आत्यानं तो वाटाणा बोटांत धरून फिरवून पाहिला. "म्हणजे काल आपण या एवढ्याशावर गेलो? तिघांना घालून?"

"हो."

"आणि त्या बाबाला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक असल्याशिवाय बरोबर त्याच जागी कसा ठोकेल?"

"आणि तरी म्हणाला, उघडू नका." आत्याचा आवाज खाली आला होता. तो खाली आला की काकासुद्धा गप्प होतात. तिनं जुने चारही ब्रश काढून काकांच्या हातात दिले. "धरा." मग रिकामी मोटर बंद केली. "चल, अशीच बसवू परत."

"अशीच?"

"आणि तो दोरा दे इकडे." तिनं तुटलेल्या दोऱ्याची टोकं जोडली, आणि सीटभोवती शिष्यासारखीच गाठ मारली. थोडी जास्त घट्ट.

त्या संध्याकाळी आम्ही व्हॅन ढकलत मैदानात नेली. बाबांनी ते पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या, पण आत्या हात जोडून उभी राहिली. "चुकले बाबा. शंका बाहेर काढली. आता तुम्हीच बघा."

गर्दी दुप्पट होती. दंड विरुद्ध लाटणं, असा सामना बघायला सगळी वसाहत लोटली होती.

"दीप!" बाबा म्हणाले. आत्यानं दिवे लावले. "किल्ली!" आत्यानं फिरवली. दिवे लख्ख. मोटर गप्प.

"ज्योत स्थिर आहे!" बाबांनी जाहीर केलं.

"म्हणजे मन निर्मळ ना, बाबा?" आत्यानं खिडकीतून विचारलं. "नक्की? घरात कुणी खोटं नाही?"

"निर्मळ! दंड सांगतो, आत्ता सुरू होईल!"

बाबांनी चाकामागच्या फटीतून दंड आत सरकवला आणि ठोका दिला. आत्यानं किल्ली फिरवली. शांतता. दुसरा ठोका. शांतता. शिष्यानं माइकवर जोरात भजन सुरू केलं. बाबा वाकले, डावीकडून ठोकलं, उजवीकडून ठोकलं. किल्ल्यांची माळ मडगार्डात अडकली, ती सोडवली, पुन्हा ठोकलं. कफनी काळी झाली.

"स्टेपनीत बघा!" मागून तोच पहिल्या दिवशीचा आवाज आला, आणि या वेळी सगळे हसले.

बाबा ताठ उभे राहिले. घाम पुसला. आवाज भारदस्त केला. "हे वाहन मृत आहे. याचे प्राण निघून गेले!"

"गेले कुठे?" घडीच्या खुर्चीवरून काका म्हणाले. "माझ्याकडेच आहेत."

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर चार काळे वाटाणे. "बघून घ्या. तुम्ही पाच म्हणाला होतात, निघाले चारच. पाचवा स्टेपनीत असेल."

मैदानात जो गोंधळ उडाला, त्यात शिष्याचं भजन कधी थांबलं ते कळलं नाही. माणसं काकांच्या तळहातावर वाकली. मी नवा ब्रश आणि जुना ब्रश शेजारी धरले आणि आत्याला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं, कारण माझा आवाज लहान आहे.

"मग सगळ्यांच्याच व्हॅन एकदम कशा बिघडल्या?" अंडेवाल्यानं विचारलं. "दृष्ट नव्हती तर?"

"या सगळ्या व्हॅन एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. एकाच रस्त्यांवर, तितक्याच फेऱ्या केल्या त्यांनी. एका दिवशी घेतलेल्या चपला एकदमच झिजतात. थंडीत इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून आत्ता कळलं."

"आणि आमच्या घरातली भांडणं?"

"ती तुमची स्वतःची."

अंडेवाल्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

बाबा जायला वळले, तर आत्या आडवी उभी. "थांबा. कुठल्या गॅरेजात होतात आधी?"

बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "गाड्या सुरू तर करून दिल्या ना मी? फसवलं कुठे?"

"ठोकून सुरू केल्यात, त्याबद्दल माझी तक्रार नाही," मी म्हटलं. "ते ज्ञान खरं आहे. 'ब्रश गेलेत, बदलून घ्या,' एवढंच म्हणाला असतात तर आम्ही तुमचे उपकार मानले असते. पण तुम्ही म्हणालात, उघडू नका. त्या दोऱ्यामुळे काल तीन माणसांचा जीव वाटाण्यावर तरंगत होता."

शिष्यानं माइक गुंडाळला. त्यांची झगमगीत जीप मैदानाच्या टोकाला उभी होती. किल्ली फिरवताच ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. स्टार्टर नवा कोरा होता.

आत्यानं मग सगळ्यांसमोर मोटर पुन्हा काढली. तांब्याचा गोल कापडानं पुसला, भुकटी झटकली, नवे ब्रश बसवले, झाकण लावलं, मोटर जागेवर चढवली, तारा जोडल्या, उणे टोकाची सगळ्यात शेवटी. दर बोल्टला गर्दीतून सूचना येत होत्या आणि ती त्यांतली एकही ऐकत नव्हती. मग ती सीटवर बसली. नेहमीसारखा तिनं पोटावर हात ठेवला, आणि किल्ली फिरवली.

लाटणं नाही, दंड नाही, मंत्र नाही. घुर्रर्र.

ती बंद करून तिनं पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. लहान मुलीसारखी हसत सुटली. "अगं, गोळाच येत नाहीये!"

"बॅटरी उतरवशील," काका म्हणाले. "मग पापी ठरू."

त्या आठवड्यात गल्लीतल्या बहुतेक व्हॅनच्या सीट वर आणि माणसं खाली वाकलेली दिसत होती. काहींचे ब्रश बदलून भागलं, काहींचा तांब्याचा गोलही झिजून गेला होता. त्यांना मोटरच नवी घ्यावी लागली. लाटणं धुऊन स्वयंपाकघरात परत गेलं.

मला चमत्कार आवडतात. डोळ्यांदेखत मेलेली गाडी जागी होते, याचा आनंद कुणाला होणार नाही? जरूर टाळ्या वाजवाव्यात. पण टाळ्या वाजवून झाल्या, की झाकण उघडावं आणि आत काय आहे ते बघावं. खरं असेल ते उघडल्यानं पळून जात नाही. 'बघू नका, विचारू नका' असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडे दडवण्यासारखं काहीतरी आहे एवढं नक्की समजावं. आणि आपल्या माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे, त्याला तर दोरा कधीच बांधू नये.

माझ्या रजेतली शेवटची फेरी. तिघं मागे बसले, मी पुढे. आत्यानं किल्ली हातात घेतली, आणि मागून शिवणकाकूंची पुटपुट ऐकू आली. "हायड्रोजन, हेलियम, लिथियम..."

"काकू, त्याची गरज नाही आता."

"माहितेय गं मला. पाठ झालंय म्हणून म्हणते. छान लय आहे त्याला." व्हॅन सुरू झाली, पण त्यांचं चालूच होतं. "बेरिलियम, बोरॉन... बोरॉनच्या पुढे कोण?"

"कार्बन."

"कार्बन म्हणजे?"

काकांनी गालातला बर्फाचा खडा एका बाजूला सारला, खिशातून एक काळा वाटाणा काढला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला.

"हा," ते म्हणाले. "उघडून बघितलं तेव्हा सापडला."